टाकणखार

साखरेला भार नसतो.
वजन असतं, पोत्याचं, ट्रॉलीचं, काट्यावरचं,
ते सांगलीत कुणालाही विचारा.
मी म्हणते तो भार विजेचा.
तो नसला की वीस हजार व्होल्ट लावले तरी
साखर आपली वाहते घोळक्यात,
कोण ग्लुकोज, कोण फ्रुक्टोज, कोण सुक्रोज
काही कळत नाही.
त्यात दिव्यालाही ती धड दिसत नाही,
काचेत ठेवलेली काच.

म्हणून टाकणखार.

विट्याच्या पोरीला तो शिकवावा लागत नाही.
अप्पांचं गलाईचं दुकान कोइमतूरला.
मे महिन्यात आम्ही जायचो, भट्टीपाशी झोपायचो.
मूस लाल झाली की ते चिमूट टाकायचे, न बघता,
आणि सोन्यातली घाण काच होऊन वर यायची.
तीच पांढरी पूड मी आता
विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत मोजते,
चार दशांश स्थळं,
पंखा बंद करून, कारण तराजू वाऱ्यानंही हलतो.

टाकणखार साखरेचा हात धरतो.
कुणाचा घट्ट, कुणाची नुसती करंगळी.
त्या धरण्यातून भार येतो,
आणि दिव्याला दिसेल एवढी पुसट सावली.
मग नळी. अर्धा मीटर लांब,
आतून इतकी अरुंद की माझा केस शिरणार नाही.
पाणी एका टोकाकडे ओढतं,
भारलेल्या साखरेला जायचं असतं दुसऱ्या.
आयर्विन पुलाखाली पोरं धारेविरुद्ध हात मारतात
आणि तरी खालीच सरकत जातात, तसं.
जी जास्त झगडते ती उशिरा पोचते.
सुक्रोजची पकड सैल. ती आधी येते.

मंगळवारी शिराळ्याहून लियाकत आत्तार आले,
पिशवीत क्वार्टरची बाटली, लेबल खरवडलेलं,
आत मध.
व्यापाऱ्यानं डबे परत पाठवलेले. म्हणे, साखर घातलीय.
ते स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानं पडदा बघत राहिले.

रेघ बराच वेळ सपाट चालली.
मग पहिली टेकडी, हवी त्याहून उंच.
चालतं पाच टक्के. निघालं सात पॉइंट दोन.

"आखाडात फुलं न्हाईत, ताई. पेट्या मोकळ्या.
साखरंचं पानी ठिवलं.
मरू द्याच्या व्हत्या व्हय माश्या?"

बरीचशी माश्यांनी फोडली होती.
उरली ती ही.
यंत्र सांगतं, किती.
डब्यात कुणी ओतलेली
आणि पेटीपाशी कुणी ठेवलेली
एकाच मिनिटाला येते.

अहवालात शेऱ्याचा रकाना दीड ओळीचा.
मी लिहिलं. खोडलं. परत लिहिलं, "उपासमारीच्या काळातला…"
साहेब म्हणाले, आकडा लिही.
लिहिला.

रात्री अप्पांना फोनवर सांगितलं.
"साखरंचा कस काढतीस?" म्हणून ते
खोकला येईपर्यंत हसले.
मग म्हणाले, सोन्यात घट निघाली
की गिऱ्हाईक पहिलं आमच्याच तोंडाकडं बघतं.

सकाळी नळी धुवायला लावली,
दहा मिनिटं कॉस्टिकचं पाणी, मग साधं.
बाटलीच्या तळाशी मध होता अजून.
इथे काही चाखू नये, ही पाटी मीच लावलीय.
बोट घातलं.
तिन्ही साखरा जिभेवर एकदमच आल्या, गर्दी करून,
आणि मागून, बऱ्याच उशिरा,
हिरड्याचा थोडा तुरटपणा.
कागदावर त्या जागी रेघ सपाट होती.